गुरुवारचे दोन वडापाव

एप्रिल उजाडला की मी दरवर्षी एक मूर्खपणा करतो, स्वतःच्या घरखर्चाचं रिको, म्हणजे रिकन्सिलिएशन, बँकेतल्या नोंदींशी ताळमेळ, करायला बसतो. ऑफिसात वर्षभर दुसऱ्यांच्या बँक स्टेटमेंटांशी डोकं लावल्यावर कुठलाही शहाणा माणूस घरी येऊन परत तेच करणार नाही, पण अकाउंट्समध्ये बावीस वर्षं काढली ना की हाताला चाळा लागतो, समोर दोन कॉलम दिसले की टिक मारल्याशिवाय चैन पडत नाही. बायको म्हणते तुला मारुतीस्तोत्र धड येत नाही आणि आयएफएससी कोड पाठ आहेत. असो.

यूपीआयमुळे झालंय काय की स्टेटमेंट मारुतीच्या शेपटासारखं वाढतं. पूर्वी एटीएममधून दोन हजार काढले की ते कुठे गेले देव जाणे, आता कटिंगचे बारा रुपयेसुद्धा तारीखवार, वेळेसकट छापून येतात. ह्या बारक्या एन्ट्र्या मी एरवी सरसकट 'किरकोळ'मध्ये ढकलतो. यंदा रविवार होता, बायको माहेरी गेलेली, आई झोपलेली, म्हटलं बघू तरी काय काय आहे ह्या किरकोळमध्ये, फिल्टर लावला, आणि एकाच क्यूआरवर चाळीस, चाळीस, चाळीस अशी रांगच्या रांग दिसायला लागली. वेळ साधारण पावणेसात ते सव्वासात. करी रोड स्टेशनबाहेरची वडापावची गाडी.

आता मुंबईत वडापाव खाल्ला ही काय बातमी नाही. अशोक वैद्यांनी १९६६ साली दादर स्टेशनबाहेर सुरुवात केली असं सांगतात, तेव्हापासून गाडी पकडायच्या घाईतला माणूस हेच खात आलाय. पण तिथे वडापाव वीसला आहे. इतर दिवशी माझी एन्ट्री असलीच तर बहुतेक वीसची. चाळीसवाल्यांसमोर मी वार टाकले तर गुरुवार, गुरुवार, गुरुवार, मध्येच एक मंगळवार, परत गुरुवार. एकूण एकेचाळीस, त्यातले चौतीस गुरुवार.

गुरुवारी चार वाजता आमची रिव्ह्यू मीटिंग असते.

आणि तो मंगळवार? तोही काढला शोधून, आता एवढं केल्यावर सोडतोय कशाला. त्या आठवड्यात गुरुवारी दसरा होता, मीटिंग मंगळवारी घेतली होती.

आमच्या घरात हे सर्वमान्य आहे की गुरुवारी रात्री मला भूक नसते. अर्धी पोळी, थोडी आमटी, बास म्हणतो. बायकोला वाटतं वजनासाठी कमी करतोय, आईला वाटतं स्वामींचं काहीतरी मनात धरलंय. मी दोघींना कधी दुरुस्त केलं नाही कारण शपथ सांगतो, मलाही तसंच वाटायचं. मी स्वतःला गुरुवारी कमी खाणारा माणूस समजत होतो. ते दोन वडापाव मी खायचो, पैसे द्यायचो, साउंडबॉक्स ओरडायचा 'चालीस रुपये प्राप्त हुए', आणि स्लो लोकलमध्ये चढेपर्यंत माझ्या हिशेबातून ते गेलेले असायचे. आमच्या धंद्यात ज्या एन्ट्रीचा अर्थ लागत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि वर्षअखेरीला साफ करतात. ही चाळीसची रांग म्हणजे माझं सस्पेन्स.

मीटिंगमध्ये तसं काही भयंकर होत नाही हो. हल्ली कुणी ओरडत वगैरे नाही. साहेब शीट वर-खाली करत राहतात, ओके म्हणतात, ओके म्हणतात, मग एका सेलवर कर्सर थांबवतात आणि 'हे असं का' एवढंच विचारतात. कर्सर लुकलुकत असतो. उत्तर मला माहीत असतं, ते सेल्सवाल्यांनी बिलं उशिरा दिली म्हणून असतं, पण सेल्सवाला शेजारीच बसलेला असतो आणि त्याच्याशी उद्याही बोलायचं असतं, मग मी म्हणतो 'चेक करून सांगतो सर'. हे दोन तास. मराठीत आपण अपमान गिळतो, राग गिळतो, आवंढा गिळतो, आणि फारच झालं तर म्हणतो की हे काही मला पचलं नाही. भाषेला पहिल्यापासून माहीत होतं, मला स्टेटमेंट लागलं.

ह्यात शरीराचा भाग काय हे मी मग जरा वाचलं. माणूस एकदम दचकला, घाबरला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं आणि भूक तात्पुरती बंद होते, पळायचंय तर जेवायला कोण बसेल. पण ताण रेंगाळला, रोजचा झाला, की किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल येत राहतं आणि ते उलटं करतं, भूक उघडतं. बरं ती भूक भेंडीची भाजी मागत नाही. मेरी डालमन म्हणून कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, बरंचसं उंदरांवरच्या कामावरून, असं मांडलं की सततच्या ताणात साखर आणि चरबी खाल्ली की मेंदूतली ताणाची यंत्रणा थोडी खाली बसते. किंमत म्हणून पोटावर चरबी चढते. माझ्या पोटाकडे बघून त्या उंदरांबद्दल आपुलकी वाटली.

मार्चएंडचं वेगळंच. त्या महिन्यात एन्ट्र्या रात्री साडेअकराच्या, बाराच्या आहेत, फूड अ‍ॅपवरच्या, आणि त्या बघून मलाच लाज वाटली. चीज घातलेलं, त्यावर परत चीज घातलेलं काहीतरी. ह्याला मी मूड वगैरे म्हणणार नाही, ही झोप आहे. २००४ साली शिकागो विद्यापीठात बारा तरुण मुलांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं होतं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरलंय असं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं, आणि पोरांना हवं काय होतं तर गोड, खारट, स्टार्चवालं. क्लोजिंगच्या दिवसांत आमचा अख्खा डिपार्टमेंट त्या बारा पोरांसारखा असतो. एक सहकारी मात्र रोज सगळ्यांना केळी वाटतो, त्यात सेरोटोनिन असतं, मूड चांगला राहतो, असा त्याला फॉरवर्ड आलाय. केळ्यात असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. मी त्याला सांगितलं नाही. केळं फुकट मिळतंय, आणि तो इतक्या प्रेमाने देतो की मूड तसाही जरा बरा होतोच.

नोव्हेंबरात स्टेटमेंटला भोक पडलंय.

अकरा दिवस खाण्याची एकही एन्ट्री नाही. मेडिकल, मेडिकल, रिक्षा, मेडिकल, चहा, डिपॉझिट, मेडिकल. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. एकच पंचावन्न रुपये कॅन्टीनचे आहेत आणि ती इडली मला नीट आठवते, स्टीलच्या प्लेटमध्ये दोन, सांबाराची वाटी इडलीला चिकटलेली, मी चमच्याने एक तुकडा तोडला आणि तो तोंडात फिरवत बसलो, फिरवत बसलो, खाली जाईचना. घशाखाली घास उतरत नाही म्हणतात तो वाक्प्रचार आहे असं मी शाळेपासून समजत होतो, वाक्यात उपयोग करा मध्ये दोन मार्कांना यायचा. तो वाक्प्रचार नाहीये. घसा खरंच बंद होतो. शेजारच्या टेबलवर एक माणूस, त्याचाही कुणीतरी वरच असणार, वडा-सांबार, मग डोसा, मग परत वडा असं एकामागून एक खात होता, चेहरा दगडासारखा. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं तो अकराव्या दिवसाचा नसेल, तीन महिन्यांचा असेल.

आमच्या घरातच बघा ना, एकाच बातमीने बायकोचं जेवण बंद होतं, ती कपाटं आवरायला काढते, आणि माझ्या मेहुण्याचा हात फरसाणाच्या डब्यात जातो. एकाच ताणाने एकाचं तोंड मिटतं नि दुसऱ्याचं उघडतं, आणि मी तर दोन्ही प्रकारचा निघालो.

बाबा गेले त्या संध्याकाळचं सांगायचं का नको असं वाटत होतं, पण सांगतो. स्मशानातून आलो, आंघोळी झाल्या, घरात चूल पेटवायची नसते म्हणून शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला होता. पातेल्यावर ताट झाकलेलं, त्यावर फडकं बांधलेलं. त्यांनी पानं वाढली, कुणी जेवायला तयार नाही, आत्या म्हणाली दोन घास खाऊन घ्या रे, आणि मी बसलो. आणि जेवलो. दोन घास नाही, तीन वेळा भात घेतला. पिठलं जरा पातळच होतं, लसणीची फोडणी, वरून कच्चं तेल, आणि अकरा दिवसांची सगळी भूक एकदम वर आली, मी खाली मान घालून खात होतो आणि वर बघायची हिंमत होत नव्हती. काकू काही न बोलता वाढत होत्या. ही पद्धत कुणी घातली असेल मला माहीत नाही, पण ज्याने घातली त्याला माणसं कळत होती. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि तांदूळ, चावायला काही नाही, सजवलेलं काही नाही, निवडायला काही नाही. त्या दिवशी मला कुणी काय खाणार असं विचारलं असतं तर मी उपाशीच राहिलो असतो.

पुढे कित्येक दिवस मी ह्यावर स्वतःला टोचत होतो, की बाप गेला आणि आपण तीनदा भात घेतला. आईला एकदा सांगितलंही. ती म्हणाली, संपात तुझे बाबा असेच होते.

गिरणी संप मी पाहिला असं म्हणता येणार नाही, तीन वर्षांचा होतो. १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि रीतसर मागे असा तो कधी घेतलाच गेला नाही. बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आई सांगते, पहिले तीन-चार महिने हे ताटावर बसायचे आणि उठायचे, डाळ तशीच, म्हणायचे पोटात गोळा आलाय. पुढे संप लांबला, घरातली भांडी जायला लागली, आणि तेव्हा ह्यांची भूक वाढली. जेव्हा नव्हतं तेव्हा. रात्री उठून डब्यातले चुरमुरे खायचे, अंधारात, आवाज होऊ नये म्हणून तोंडात धरून ओले करून. आई जागी असायची, पण कळू द्यायची नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यासमोर करी रोडची गाडी आली. माझं ऑफिस आहे ना, ते लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातच आहे, बाबांची ती गिरणी नव्हे, पण काचेच्या बिल्डिंगशेजारी चिमणी अजून उभी आहे, खाली कॉफी शॉप. तिथली कॉफी तीनशेची. स्टेटमेंटमध्ये ती वर्षातून दोनदा आहे, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाचा तरी निरोप समारंभ होता.

पावसाची पण एक भानगड सापडली. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-दहा रुपयांच्या एन्ट्र्या, भांडुप स्टेशनजवळच्या दुकानातल्या, तारखा जुळवल्या तर सगळे धो-धो पावसाचे दिवस. ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. मी एरवी बिस्किटं खात नाही, चहात विरघळून तळाला जाणारं ते लगदा प्रकरण मला आवडत नाही. पण २६ जुलै २००५ला मी परळहून भांडुपला चालत आलोय. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला हा आकडा नंतर कळला, तेव्हा फक्त पाणी कळत होतं, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, परत मांडीपर्यंत. घाटकोपरच्या पुढे कुठेतरी रात्री एका चाळीतल्या बायका रस्त्यावर टेबल टाकून चहा आणि बिस्किटं देत होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख ना पाळख. एकीने माझ्या हातात पुडा कोंबला आणि म्हणाली, 'जा भाऊ सांभाळून, पुढे गटार उघडं आहे, डावीकडून जा'. बिस्किट ओल्या हातात मऊ पडलेलं, त्याला पेट्रोलचा आणि पावसाचा वास. वासाची तार मेंदूत भीती आणि आठवण जिथे साठते तिथे बाकीच्या इंद्रियांपेक्षा जवळच्या रस्त्याने जाते म्हणतात, मधे स्टेशनं कमी. तर आता जोराचा पाऊस आला, लोकल रखडली, व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रॅकवरच्या पाण्याचे फोटो यायला लागले की मी उतरून पुडा घेतो. घरी नेऊन कधी कधी फोडतही नाही. खिशात असला की झालं.

आनंदाच्या एन्ट्र्याही आहेत, नाही असं नाही, पण त्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. पोरीचा बारावीचा रिझल्ट, पेढे दीड किलो. भाऊबीज. त्या मोठ्या आहेत, राउंड फिगरमध्ये आहेत आणि त्यातलं मी स्वतः खाल्लेलं फार थोडं.

बरं, एवढं कळल्यावर सुधारायला नको? मागच्या महिन्यात मी एक अभ्यास वाचला, २०१४चा, मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेसी मान आणि मंडळींचा. लोकांना सिनेमातले रडवणारे तुकडे दाखवले, मूड पाडला, मग काहींना त्यांचा जीव की प्राण असलेला पदार्थ दिला, काहींना दुसरंच काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचाच मूड सारखाच सावरला. म्हणजे श्रेय पदार्थ घेतो, काम वेळ करतो. मी म्हटलं बास, आता प्रयोग करायचा. पुढच्या गुरुवारी मीटिंग झाली, 'चेक करून सांगतो सर' झालं, मी गाडीकडे न बघता सरळ ब्रिज चढलो, सहा बावन्नची मिळाली, सायनला बसायला मिळालं, आणि कुर्ल्याच्या पुढे खरंच डोकं शांत झालं. ट्रेसीबाईंचं बरोबर होतं. घरी आलो, तीन पोळ्या खाल्ल्या, बायकोने आईकडे बघितलं.

पण काहीतरी राहून गेलं होतं ते झोपताना लक्षात आलं. त्या गाडीवर काय होतं, मी उभा राहतो, नवा घाणा कढईत असतो, झाऱ्याने वडे हलवल्याचा तो आवाज, मागे लोक, बाजूला लोक, सगळे ऑफिसातून सुटलेले, कुणी कुणाशी बोलत नाही. गाडीवाल्याला माझं नाव माहीत नाही. तो पाव मधोमध उघडतो, सुकी चटणी पसरतो, वडा दाबतो आणि मान वर न करता विचारतो, 'साहेब, चुरा टाकू?' दिवसभरात मला विचारलेला हा एकच प्रश्न असा असतो ज्याचं उत्तर मला चेक करून सांगावं लागत नाही. टाका, म्हणतो मी. आणि तो जास्तीचा टाकतो, वर मिरची ठेवतो. दुसऱ्या वडापावला पुन्हा विचारतो. तो दुसरा मी बहुतेक त्या प्रश्नासाठीच घेत असणार. अमेरिकेतल्या ट्रॉयसी आणि गॅब्रिएल ह्या दोघांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की असे पदार्थ माणसांच्या आठवणीला बांधलेले असतात, एकटं वाटणं त्यांनी कमी होतं. त्यांनी चिकन सूपवर केलं होतं. त्यांना चुरा माहीत नसणार.

त्याच्या पुढच्या गुरुवारी परत गेलो. एकच खाल्ला. वीस रुपये. गाडीवाला म्हणाला, 'मागच्या टायमाला दिसला नाय', मी म्हटलं सुट्टी होती. खोटं बोललो, उगाच.

हे सगळं आईला सांगून उपयोग नाही कारण तिचं यूपीआय नाही. तिचे मूड कुठल्याच स्टेटमेंटला येत नाहीत. पण ते आम्हाला वाचता येतात, ती काय खाते त्यावरून नाही, काय रांधते त्यावरून. कारलं. आमच्या घरात कारल्याच्या दोन भाज्या होतात. एक नेहमीची, चकत्या करून मीठ लावायचं, तासभर ठेवायचं, घट्ट पिळायचं, मग चिंच-गूळ, ओलं खोबरं. दुसरी बाबांवर रागावल्यावरची. तिला मीठ लावून ठेवणं नाही, पिळणं नाही, गूळ नाही. चिरली की फोडणीत. बाबा पहिल्या घासाला ओळखायचे, काही बोलायचे नाहीत, पूर्ण भाजी संपवायचे आणि संध्याकाळी न सांगता दळण आणायचे, नळाचा वायसर बदलायचे, जे काही राहिलेलं असेल ते. भांडण असं आमच्याकडे झालंच नाही. आम्ही भावंडं ताटावर बसताना आधी वास घ्यायचो.

नोव्हेंबरपासून घरात कारलं आलं नव्हतं. पिळलेलंही नाही.

काल ऑफिसातून आलो, दार उघडलं तर वास. मी बूट हातात धरून तिथेच उभा. बायकोने स्वयंपाकघराकडे डोळ्याने खूण केली, म्हणजे मला काही विचारू नकोस, मला माहीत नाही. हातपाय धुऊन पानावर बसलो. पहिला घास घेतला. न पिळलेलं होतं, गूळ नाही, जीभ आत ओढली जाईल असं कडू. मी मनात गेल्या आठवडाभराची उजळणी करायला लागलो, काय केलं मी, आईची बीपीची गोळी आणायची राहिली का, फोनवर जोरात बोललो का.

'कुणावर गं?' शेवटी विचारलंच.

'तुझ्यावर नाही. खा तू गुपचूप.'

समोर भिंतीवर बाबांचा फोटो, हार बदलायला झालाय. आईने तिकडे बघितलं नाही. स्वतःच्या पानात भाजी वाढून घेतली, पोळीचा मोठा तुकडा तोडला, गेले पाच महिने चिमणीसारखी जेवणारी बाई, आणि जेवली. मग परत वाढून घेतली.